मेक्सिको शहराखालची राखेची माती : निचरा होत नाही हे दुखणं, की निचरा केला हे?

चिखलवाट (धागालेखिका)

दुसऱ्या एका धाग्यावर मेक्सिको शहर खचतंय यावर बोलणं निघालं आणि तीन-चार जणांनी लिहिलं की दलदलीवर शहर वसवलं, मग खचणारच. मला हे पटत नाही. तिथे लिहिलं असतं तर मूळ विषयाला फाटा फुटला असता, म्हणून हा वेगळा धागा. मी मेक्सिको शहरात इमारतींच्या पायाच्या कामात आहे. ही माती रोज हाताखालून जाते, आणि तिच्याबद्दल जे सर्रास बोललं जातं त्यात तिच्यावर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं.

आधी जागा समजून घेऊ. मेक्सिकोचं खोरं समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहे, चहूबाजूंनी डोंगर. पूर्वेला पोपोकातेपेत्ल आणि इस्ताक्सिवात्ल हे दोन उंच माथे, पश्चिमेला सिएरा दे लास क्रूसेस. दक्षिणेला चिचिनाउत्सिनची ज्वालामुखींची रांग उठली आणि तिने खोऱ्याचं तोंडच बंद केलं. पाण्याला बाहेर जायला वाट उरली नाही. ते साठत गेलं आणि पाच तळी झाली: सुम्पांगो, हाल्तोकान, तेस्कोको, सोचिमिल्को आणि चाल्को. पावसाळ्यात ती एकमेकांत मिसळायची. तेस्कोको सगळ्यांत खालचं, त्यामुळे क्षार तिथे गोळा होत गेले. दक्षिणेकडची सोचिमिल्को आणि चाल्को झऱ्यांवर पोसलेली, गोड्या पाण्याची.

या तळ्यांच्या तळाशी जे बसलं ते नदीच्या नेहमीच्या गाळासारखं नाही. ज्वालामुखी फुटला की राख थेट पाण्यात पडायची, आणि उतारांवर पडलेली पावसाने धुऊन खाली यायची. ही राख म्हणजे मुख्यतः बारीक काच. हजारो वर्षं पाण्यात राहून त्या काचेचं रूप बदलतं आणि स्मेक्टाइट गटातली चिकणमाती तयार होते. त्यात भर डायटमची. हे सूक्ष्म शेवाळ, त्याची कवचं सिलिकाची, छिद्राछिद्रांची आणि आतून पोकळ. शेवाळ मरतं, पण कवच राहतं आणि पोकळी पाण्याने भरते.

बोअरमधून नमुना पातळ पत्र्याच्या नळीत वर येतो. ढकलून बाहेर काढला की हिरवट-करड्या, कधी तपकिरी रंगाचा गुळगुळीत दंडगोल. तारेने कापला तर काप स्वच्छ येतो. मध्येच केसाएवढी काळी किंवा पांढरी रेघ दिसते, ती कुठल्यातरी जुन्या उद्रेकाची राख. टेबलाला धक्का लागला की अख्खा नमुना खरवसासारखा थरथरतो, पण उभा राहतो. तोच तुकडा चिमटीत घेऊन चुरला की बोटांना नुसता पातळ चिखल लागतो. ओव्हनमध्ये वाळवून वजन केलं तर सुक्या मातीच्या दोन ते चार पट वजन पाण्याचं निघतं. आपली भारी काळी जमीन ऐन पावसाळ्यात चिंब असते तेव्हाही तिच्यातल्या पाण्याचं वजन मातीच्या निम्म्याच्या आसपास जातं, यावरून अंदाज करा. आणि एकदा वाळलेला तुकडा परत पाण्यात ठेवला तरी मूळ आकाराला येत नाही. मला या मातीबद्दल सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

म्हणजे ज्याला इथे जमीन म्हणतात तिच्यात पाणीच जास्त आहे. अशा जमिनीतून पाणी काढण्याचा उद्योग इथे चारशे वर्षं चालला आहे. १६०७ मध्ये एन्रिको मार्तिनेसच्या देखरेखीखाली वेवेतोकाला डोंगर फोडून पाणी बाहेर न्यायचं काम सुरू झालं. १६२९ मध्ये मोठा पूर आला आणि शहर १६३४ पर्यंत पाण्यात राहिलं. त्यानंतर तर तळी आटवणं हेच धोरण झालं. १९०० मध्ये पोर्फिरिओ दियासच्या राजवटीत ग्रान कानाल, म्हणजे शहराचं पाणी खोऱ्याबाहेर नेणारा मोठा कालवा, सुरू झाला. विसाव्या शतकात भूजलाचा उपसा वाढला, आणि शहराचा मध्यभाग शतकभरात जागोजागी सात ते नऊ मीटर खाली गेला. ग्रान कानाल उताराने वाहील असा बांधला होता. शहर त्याच्याहून खाली बसल्यावर त्यात सांडपाणी पंपाने चढवावं लागलं.

माझं म्हणणं एवढंच की दोष मातीत शोधू नये. तुमचं मत लिहा, विशेषतः काळ्या जमिनीत शेती किंवा बांधकाम करणाऱ्यांनी.

---

अनुस्वार

वाचतेय, छान लिहिलंय. एक शंका. उपसा तर खोल विहिरींतून होतो ना, म्हणजे चिकणमातीच्या खालच्या वाळू-खडीतून. मग वरची माती का बसते? तिच्यातून तर कोणी पाणी काढत नाही.

---

चिखलवाट

@अनुस्वार, अगदी नेमका प्रश्न. इथल्या अभियंत्यांनाही हे उलगडायला वेळ लागला. १९२५ मध्ये रोबेर्तो गायोल यांनी शहर खचतंय हे मोजमापांनिशी मांडलं, पण त्यांचा रोख सांडपाण्याच्या निचऱ्याकडे होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस नाबोर कार्रियो यांनी खोल विहिरींशी संबंध दाखवून दिला.

होतं असं. वरच्या इमारतींचा आणि मातीचा भार दोघं मिळून उचलतात, मातीच्या कणांचा सांगाडा आणि छिद्रांतलं दाबाखालचं पाणी. खालच्या जलधारक थरातलं पाणी उपसलं की तिथला दाब उतरतो, आणि चिकणमातीतलं पाणी हळूहळू खाली झिरपायला लागतं. पाण्याने भार सोडला की तो सांगाड्यावर येतो. आणि इथला सांगाडा आधीच इतका विरळ की तो मोडून दबतो. पाणी या मातीतून फार सावकाश सरकतं, त्यामुळे आज विहीर बंद केली तरी बसणं पुढे कित्येक वर्षं चालू राहतं.

१९५० च्या सुमारास मध्यभागात वर्षाला चाळीस सेंटिमीटरच्या पुढे जमीन बसत होती. मग तिथल्या विहिरी बंद करून नव्या दक्षिणेला, सोचिमिल्को-चाल्कोकडे खोदल्या. मध्यभागाचा वेग उतरला आणि दक्षिण बसायला लागली. चाल्कोच्या आटवलेल्या तळ्याची जागा इतकी खाली गेली की तिथे पाणी साचून नवं तळं झालंय.

---

पायाभरणी

उत्तम धागा. मी पुण्यात स्ट्रक्चरल कामं करतो. आमच्याकडे काळी माती लागली की ती काढून मुरूम भरायचा आणि खडकावर पाय ठेवायचा, विषय संपला. मेक्सिकोत खडक लागतच नाही, त्यामुळे तिथले पाये हा आमच्या पिढीला शिकवलेला खास अध्याय.

तोर्रे लातिनोअमेरिकाना बघा. १९५६ मध्ये पूर्ण झालेला ४४ मजल्यांचा मनोरा. लिओनार्दो सेवार्त यांनी ३६१ खांब सुमारे ३३ मीटर खाली वाळूच्या कठीण थरापर्यंत नेले, आणि तळघरं खोदून जेवढ्या मातीचं वजन काढलं तेवढा भार पायावर कमी केला. दुसऱ्याच वर्षी मोठा भूकंप झाला. स्वातंत्र्यस्मारकाच्या खांबावरची देवदूताची मूर्ती खाली पडली, मनोऱ्याला काही झालं नाही. १९८५ मध्येही तो तसाच उभा राहिला.

आणि १९ सप्टेंबर १९८५ बद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. केंद्रबिंदू साडेतीनशे किलोमीटरहून दूर, पॅसिफिकच्या किनाऱ्यालगत. मेक्सिको शहरातल्या विद्यापीठाच्या आवारात, लाव्हाच्या खडकावर, हादरे बेताचे नोंदले गेले. तळ्याच्या मातीवरच्या नोंदणी केंद्रात त्यांच्या चार-पाच पट. शिवाय त्या भागातली माती साधारण दोन सेकंदांच्या लयीत हलते, आणि सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती त्याच लयीच्या जवळपासच्या. अशा इमारती सगळ्यांत जास्त पडल्या. हजारो माणसं गेली. एवढी चिकट माती हादरे शोषून घेईल असं आपल्याला वाटतं. ही माती तसं करत नाही, ती लवचिक राहते आणि हलतच राहते.

चिखलवाटताई, तिथल्या मोठ्या चर्चवर, कॅथेड्रलवर लिहा. आमच्या सरांचा तो आवडता विषय होता.

---

चिखलवाट

@पायाभरणी, मनोऱ्याबद्दल लिहिलंत ते बरं झालं.

देवदूताचं स्मारक १९१० चं, खोल पायावर उभं. आजूबाजूचा रस्ता बसत गेला आणि स्मारक होतं तिथेच राहिलं, म्हणून पायथ्याला नंतर १४ पायऱ्या जोडाव्या लागल्या. इथे येणाऱ्यांना मी कायम त्या पायऱ्या दाखवते, कारण आकडे सांगून जे पटत नाही ते तिथे उभं राहिलं की पटतं.

कॅथेड्रलचं दुखणं वेगळं. बांधकाम १५७३ ते १८१३. खाली आस्तेक मंदिरांचे जुने चौथरे. ज्या भागाखाली चौथरे होते तिथली माती त्यांच्या वजनाने आधीच दबलेली, बाकीची कोवळी. वर एकच अवाढव्य दगडी इमारत. साहजिकच ती वाकडीतिकडी बसत गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस एका टोकापासून दुसऱ्या टोकाला दोन मीटरहून जास्त फरक पडला होता. खचलेला भाग उचलणं शक्य नव्हतं. म्हणून १९९० च्या दशकात उंच राहिलेल्या भागाखाली तीसेक विहिरी खोदून, त्यांतून आडवी भोकं पाडून थोडीथोडी माती काढत नेली आणि तो भाग सावकाश खाली आणला. पुढे पिसाच्या मनोऱ्यालाही याच पद्धतीने सावरलं. मातीचा स्वभाव ओळखून केलेलं कॅथेड्रलचं हे काम मला तोर्रे लातिनोअमेरिकानापेक्षाही मोठं वाटतं.

---

वर्धेकर

तेस्कोकोचं नाव वाचून थांबलो. आमच्या वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे तिथेच होते ना? गदर चळवळीतले क्रांतिकारक, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेले. इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून देशोदेशी फिरत १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्यावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिवेराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरच्या चित्रात त्यांना भाकरी मोडून देताना रंगवलंय. स्वातंत्र्यानंतर परतले, १९६७ मध्ये नागपुरात गेले. विदर्भाच्या काळ्या मातीतला माणूस मेक्सिकोच्या राखेच्या मातीत उभा राहिला. आमच्या गावातही हे फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं वाईट वाटतं.

---

चिखलवाट

@वर्धेकर, हो, तेच! चापिंगो तेस्कोकोच्या जुन्या तळ्याच्या काठाला आहे आणि ते विद्यालय आज विद्यापीठ झालंय. तुमच्या शेवटच्या वाक्यात शास्त्रही आहे. विदर्भाची काळी माती बेसाल्टची झीज होऊन झालेली, इथली राखेपासून झालेली, पण दोन्हीकडची मुख्य चिकणमाती स्मेक्टाइटच. खानखोज्यांना तिची चिकट ओल नक्की ओळखीची वाटली असणार.

मका आणि गव्हाचं आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र, सिमिट, तेही तेस्कोकोजवळच एल बातानला आहे.

---

कृष्णाकाठचा

ताई, आम्ही सांगली जिल्ह्यातले. आमच्याकडे उसाला पाणी पाजून पाजून जमिनी चिबड झाल्या. वरवर ओल, खाली पाणी तुंबलेलं, वाफसाच येत नाही. काही तुकडे तर चोपण झालेत, पांढरा थर दिसतो आणि पाऊस पडला की पाणी वरच थांबतं. माझी दीड एकर अशीच पडून आहे. तिथले लोक एवढ्या पाणथळ मातीत पूर्वी पिकवत काय होते आणि कसं? त्यांनी चर काढले होते का?

---

चिखलवाट

@कृष्णाकाठचा, दादा, तुमच्या प्रश्नाची मी वाटच बघत होते, कारण या मातीला खरं ओळखलं ते शेतकऱ्यांनीच.

सोचिमिल्कोत चिनाम्पा पद्धत अजून जिवंत आहे. उथळ पाण्यात लांबट पट्ट्या आखायच्या. त्यावर पाणवनस्पतींचे थर आणि तळाचा चिखल आळीपाळीने टाकत जायचं, पाण्याच्या अर्धा-एक मीटर वर येईपर्यंत. कडेने अवेहोते नावाचं विलोचं झाड लावायचं. ते सरळ उंच वाढतं, सावली कमी धरतं आणि त्याची मुळं काठ बांधून ठेवतात. पट्टीच्या भोवती कालवे. पट्टी मुद्दाम अरुंद, म्हणजे दोन्ही बाजूंची ओल मधल्या मुळांपर्यंत पोचते आणि जास्तीचं पाणी आपोआप कालव्यात उतरतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर चर होते, पण ते कायम भरलेले ठेवायचे.

रोपं कशी करतात ते मी जवळून पाहिलंय. लांब दांडीच्या टोकाला पिशवी लावून कालव्याच्या तळाचा काळा चिखल होडीत ओढून घेतात. तो पट्टीच्या एका कोपऱ्यात कुजलेल्या काडीकचऱ्याच्या थरावर चार-पाच बोटं जाड पसरतात आणि फळीने सारखा करतात. एखाद-दोन दिवसांत वरचं पाणी उडालं, चिखल बोटाला चिकटायचा थांबला, की सुरीने उभ्या-आडव्या रेघा मारून लहान चौकोन पाडतात. याला चापीन म्हणतात. प्रत्येक चौकोनात बोटाने भोक, त्यात बी, वर चाळलेलं शेणखत. रोप वाढलं की त्याच्या मातीच्या चौकोनासकट उचलून लावायचं. मुळाला धक्का नाही, प्लास्टिकचा ट्रे नाही. वेळ मात्र अचूक साधावी लागते. आदल्या दिवशी चिखल सुरीला धरतो, उशीर झाला तर तडकतो. तिथल्या बायका नुसतं बोट टेकवून सांगतात.

दरवर्षी कालव्याचा गाळ वर येतो, त्यामुळे खत तिथेच आणि कालवाही उपसलेला. एका पट्टीत वर्षातून अनेक पिकं निघतात.

तेस्कोकोच्या खाऱ्या बाजूला हे जमलं नसतं, म्हणून पंधराव्या शतकात तेस्कोकोचा राजा नेसावालकोयोत्ल याच्या आखणीने सुमारे सोळा किलोमीटरचा बांध घालून खारं पाणी गोड्यापासून वेगळं केलं होतं.

आता वाईट भाग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोचिमिल्कोचे झरे नळाने शहराकडे नेले. आज त्या कालव्यांत मुख्यतः प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडतात. जमीन कमीजास्त बसल्यामुळे काही चिनाम्पा पाण्याखाली जातात आणि काहींचे कालवे कोरडे पडतात. २०१७ च्या जानेवारीत तर एका कालव्याच्या तळाला भगदाड पडून पाणी खाली गेलं. १९८७ पासून सोचिमिल्को जागतिक वारसा आहे, आणि तरीही हे चालू आहे. मला याचा राग येतो.

---

शिरीषफूल

चापीनचं वर्णन वाचून गच्चीवर करून बघावंसं वाटलं. +१ आणि पुढील लेखनाला शुभेच्छा.

---

तिरकस_रेघ

लेखन आवडलं, पण पूर्ण सहमत नाही. १६२९ ते १६३४ शहर पाण्यात होतं हे तुम्हीच लिहिलंय. माणसं मेली, घरं गेली. पाणी बाहेर काढलं नसतं तर आज तिथे दोन कोटींच्या आसपास लोक राहिले असते का? चिनाम्पा सुंदर आहेत हे मान्य, पण त्यांच्यावर महानगर चालत नाही. जुनं सगळं शहाणपणाचं आणि अभियांत्रिकी सगळी चुकीची, असा सूर लागतोय.

---

चिखलवाट

@तिरकस_रेघ, मुद्दा रास्त आहे. पुराचं पाणी बाहेर नेणं गरजेचं होतं आणि आजही आहे. २०१९ मध्ये सुरू झालेला ६२ किलोमीटरचा तुनेल एमिसोर ओरिएन्ते हा सांडपाण्याचा बोगदा नसता तर पूर्वेकडच्या वस्त्यांचे हाल झाले असते. त्या अभियांत्रिकीवर माझं पोट आहे आणि मला तिचा अभिमान आहे.

पण पुराचं पाणी काढणं आणि जमिनीच्या पोटातलं पाणी काढणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या. पहिली पावसाळ्यापुरती आहे. दुसरी बारा महिने चालते आणि तिची भरपाई होत नाही. इथे पडलेला पाऊस सांडपाण्यात मिसळून बोगद्याने खोऱ्याबाहेर जातो. पिण्याचं पाणी निम्म्याहून जास्त खोल विहिरींतून येतं, आणि उरलेल्यातलं बरंच कुत्सामाला योजनेतून हजार मीटरहून जास्त उंच चढवून आणतात. या सगळ्या पाण्यातलं सुमारे ४० टक्के गळतीत जातं. जमीन सारखी बसत नाही म्हणून नळ फुटतात, नळ फुटतात म्हणून आणखी उपसा. शहराच्या इस्तापालापा भागात जिथे चिकणमाती संपून ज्वालामुखीची टेकडी लागते, तिथे एक बाजू बसते आणि दुसरी बसत नाही. मधून घरांच्या खालून भेगा जातात. तिथल्या लोकांना नळाला धड पाणीही मिळत नाही.

२०२१ मध्ये उपग्रहाच्या आणि जुन्या मोजणीच्या आधारे एक अभ्यास आला. काही भाग वर्षाला पन्नास सेंटिमीटरपर्यंत बसतोय. चिकणमातीचा थर आत्तापर्यंत सुमारे १७ टक्के दबला आहे, तो ३० टक्क्यांपर्यंत दबू शकतो, आणि त्याला अजून दीडशे वर्षं लागतील. दबलेलं परत वर येणार नाही. वाळलेला तुकडा फुगत नाही असं मी सुरुवातीला लिहिलं ते याचसाठी.

मातीचा स्वभाव धरून केलेली अभियांत्रिकीही इथेच झाली. आटलेल्या तेस्कोकोच्या पात्रातून उन्हाळ्यात खारी धूळ उठून शहरावर यायची. १९७० च्या दशकात तिथे खारं गवत आणि झाऊ लावायला घेतले. आणि नाबोर कार्रियो यांच्या कल्पनेवरून एका पट्ट्याखालचं पाणी मुद्दाम उपसून जमीन बसू दिली, त्या खोलगट भागात मोठं तळं केलं. त्याला आता त्यांचंच नाव आहे. ज्या गुणाने शहराचं नुकसान केलं त्याच गुणाने तळं खोदण्याचा खर्च वाचला. तिथल्याच पात्रात बांधायला घेतलेला विमानतळ २०१८ मध्ये जनमत घेऊन रद्द झाला. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, पण बसत्या जमिनीवर धावपट्ट्या कायम सपाट ठेवणं काय प्रकार असतो हे मला माहीत आहे. मी रद्द करण्याच्या बाजूची.

---

तिरकस_रेघ

दोन वेगळी पाणी हा फरक पटला. विमानतळावर वेगळा धागा काढू, तिथे भांडू.

---

कृष्णाकाठचा

सगळं वाचलं. आता एकच सांगा, आमच्याकडे शेताखाली भोकांचे पाईप टाकून पाणी काढायचं काम चाललंय. तुमचं वाचून भीती वाटली. आमची जमीन पण खाली बसेल का? टाकू की नको?

---

चिखलवाट

दादा, त्याची भीती बाळगू नका. तुमच्या मातीचा सांगाडा घट्ट आहे. तुम्ही तीन-चार फुटांवरचं, मुळाशी तुंबलेलं सिंचनाचं पाणी काढणार, ते तिथे मुळात नव्हतंच. इथे शेकडो फुटांखालचा दाब उतरवलाय. दोन्हींची तुलना होणार नाही. पाईप जरूर टाका.

फक्त आधी माती तपासून घ्या. पहिला फूट, दुसरा, तिसरा असे वेगवेगळे नमुने काढा. क्षारता, सामू आणि सोडियमचं प्रमाण तिन्ही बघायला सांगा. नुसती चिबड किंवा खारवट असेल तर पाईप आणि पाऊस मिळून क्षार धुऊन नेतील. चोपण निघाली तर आधी जिप्सम लागेल, नाहीतर पाणी पाईपपर्यंत उतरणारच नाही. पाईपवर गाळणीचं कापड असू द्या. आणि मुख्य म्हणजे पाणी शेवटी कुठल्या ओढ्यात सोडणार आणि तो ओढा तुमच्या पाईपच्या खाली वाहतो का, हे लेव्हल घेऊन बघा. पाईप टाकल्यावर उसाचं पाणीही कमी करा, ठिबक करा, नाहीतर पुन्हा तेच.

---

कृष्णाकाठचा

ओढा आहे, पण मधे भावकीची तीन रानं लागतात. त्यांचीही जमीन तशीच झालीय, तेव्हा सगळ्यांनी मिळूनच करावं लागेल. या रविवारी बसतोय. नमुने काढून तालुक्याला देतो, रिपोर्ट आला की इथेच टाकतो.